पगारातून पीएफ कापला, पण जमा झाला का? नव्या कामगार कायद्यांनंतर फोनवर काय तपासायचं

पगाराच्या पावतीवर पीएफची कपात दिसते, हातात तेवढे पैसे कमी येतात, आणि आपण समजतो की ते आपल्या खात्यात गेले. बहुतेक वेळा ते जातातही. पण कधीकधी कपात होते आणि भरणा होत नाही. हे कळतं दोन-तीन वर्षांनी, नोकरी सोडल्यावर किंवा घरात पैशांची गरज पडल्यावर. तोवर ठेकेदार बदललेला असतो आणि जुना सुपरवायझर फोन उचलत नाही.

मित्रांनो, हे टाळायला महिन्यातून पाच मिनिटं आणि हातातला फोन पुरतो. शिरवळ-खंडाळ्याचे कारखाने असोत, साताऱ्याची किंवा कराडजवळची तासवडे एमआयडीसी, सांगली-मिरज-कुपवाडची वर्कशॉप, पलूस, विट्याचे यंत्रमाग किंवा गावातलं मोबाईल शोरूम, पहिली नोकरी लागलेल्या प्रत्येकाने हे शिकून घ्यावं. त्यातच २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत. त्यामुळे पगाराच्या पावतीचा हिशोबही बदलतोय.

चार संहिता म्हणजे नेमकं काय?

कामगारांसाठी आधी केंद्राचे २९ वेगवेगळे कायदे होते. वेतनाचा कायदा १९३६ चा, पीएफचा १९५२ चा, असे प्रत्येक विषयाचे वेगळे. ते सगळे एकत्र करून चार संहिता केल्या: वेतन संहिता २०१९, औद्योगिक संबंध संहिता २०२०, सामाजिक सुरक्षा संहिता २०२० आणि कामाच्या ठिकाणची सुरक्षा व आरोग्याची संहिता २०२०. संसदेत त्या कधीच मंजूर झाल्या होत्या, अंमल आत्ता सुरू झाला. संहितांखालचे सविस्तर नियम केंद्र आणि राज्य वेगवेगळे करतात. मधल्या काळात जुने नियम, जिथे ते नव्या कायद्याच्या विरोधात जात नाहीत तिथे, चालू राहतात.

नोकरदाराच्या दृष्टीने यातले पाच बदल महत्त्वाचे:

१. प्रत्येक कामगाराला लेखी नेमणूकपत्र द्यायचं. "उद्यापासून ये" एवढ्यावर आता भागत नाही.

२. मासिक पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत, आणि सोबत पगाराची पावती. ती कागदावर दिली तरी चालते, फोनवर पाठवली तरी चालते. पगार वेळेवर देण्याचं जुन्या कायद्यातलं बंधन महिना २४,००० रुपयांपर्यंतच्या पगारालाच होतं. आता ती मर्यादा गेली.

३. नोकरी सोडली, काढून टाकलं किंवा कंपनी बंद पडली, तर राहिलेला पगार दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायचा. स्वतः राजीनामा दिला तरी हाच नियम. "फुल अँड फायनल पुढच्या महिन्यात बघू" हे उत्तर पगाराच्या रकमेला चालत नाही.

४. ठरावीक मुदतीच्या, म्हणजे फिक्स्ड टर्म कामगाराला एक वर्ष पूर्ण झालं की ग्रॅच्युइटीचा हक्क. कायम कामगारांना पाच वर्षांची अट आहे तशीच आहे.

५. 'वेतन' या शब्दाची नवी व्याख्या. पावतीवर सगळ्यात जास्त फरक हिच्यामुळे पडतो, म्हणून ती नीट समजून घेऊ.

पन्नास टक्क्यांचा नियम, एका उदाहरणाने

अनेक ठिकाणी पगाराचे तुकडे असे पाडतात की मूळ पगार छोटा आणि भत्ते मोठे. पीएफ आणि ग्रॅच्युइटी मूळ पगारावर मोजली जाते, म्हणून मालकाचा खर्च वाचतो. नवी संहिता म्हणते की घरभाडे, प्रवास भत्ता, कमिशन, ओव्हरटाइम वगैरे वगळायच्या रकमा एकूण पगाराच्या निम्म्याहून जास्त झाल्या, तर जादा रक्कम परत वेतनात धरायची.

समजा सांगलीतल्या एका मोबाईल शोरूममधल्या मुलीचा एकूण पगार ३०,००० रुपये आहे. त्यात मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १३,०००, घरभाडे ९,०००, प्रवास भत्ता ४,००० आणि कमिशन ४,०००. वगळायच्या रकमा झाल्या १७,०००. निम्मा पगार म्हणजे १५,०००. जादा २,००० रुपये वेतनात परत येतात. म्हणजे पीएफसाठी तिचं वेतन १३,००० नाही, १५,००० धरायचं.

आधी १२ टक्क्यांनी तिचे १,५६० रुपये कापले जायचे, आता १,८०० कापले जातील. हातात महिन्याला २४० रुपये कमी. पण मालकालाही आता २४० रुपये जास्त भरावे लागतात. म्हणजे तिच्या नावावर दर महिन्याला ४८० रुपये जास्त जमा होतात. ग्रॅच्युइटीही याच वेतनावर मोजतात: शेवटच्या वेतनाला १५ ने गुणायचं, २६ ने भागायचं आणि नोकरीच्या वर्षांनी गुणायचं. १५,००० वेतनावर एका वर्षाचे साधारण ८,६५४ रुपये होतात.

"नवीन कायद्याने सगळ्यांचा हातात येणारा पगार कमी होणार" असे मेसेज व्हॉट्सअ‍ॅपवर फिरले. ते सरसकट खरं नाही. पीएफची सक्तीची मर्यादा १५,००० रुपये वेतनाची आहे. आधीच त्या मर्यादेवर, म्हणजे १,८०० रुपये कापले जात असतील तर या नियमामुळे कपात वाढायचं कारण नाही.

साखर कारखान्यावर हंगामी काम करणाऱ्यांनी एक शब्द लक्षात ठेवावा: रिटेनिंग भत्ता. हंगाम नसताना माणूस टिकवून ठेवण्यासाठी दिला जाणारा हा भत्ता नव्या व्याख्येत वेतनातच मोजला जातो. हंगामी आस्थापनेत ग्रॅच्युइटीही प्रत्येक हंगामाला सात दिवसांच्या वेतनाप्रमाणे धरतात.

आता फोन हातात घ्या: पीएफ पासबुक कसं बघायचं

पीएफ सदस्याला एक १२ अंकी नंबर मिळतो, तो यूएएन. नोकरी बदलली तरी नंबर तोच राहतो. तो पगाराच्या पावतीवर असतो, नसेल तर एचआरला किंवा ठेकेदाराला मागून घ्या.

पहिला मार्ग, उमंग अ‍ॅप:

• प्ले स्टोअर किंवा अ‍ॅप स्टोअरवरून उमंग हे सरकारी अ‍ॅप घ्या. ते मराठीतही वापरता येतं.
• अ‍ॅपमध्ये ईपीएफओ शोधा आणि पासबुक बघण्याचा पर्याय उघडा.
• यूएएन टाका, आधारला जोडलेल्या मोबाईलवर आलेला ओटीपी टाका.
• कंपनीचं नाव निवडलं की महिन्यावार नोंदी दिसतात.

दुसरा मार्ग मिस्ड कॉलचा. यूएएनला जोडलेल्या नंबरवरून ९९६६०४४४२५ वर कॉल करा. दोन रिंगनंतर तो आपोआप कट होतो आणि शेवटचा भरणा व शिल्लक मेसेजने येते. पैसे लागत नाहीत. इंटरनेट नसलेल्या साध्या फोनवरही चालतं, म्हणून घरातल्या मोठ्यांनाही सांगा.

पहिलीच नोकरी असेल तर यूएएन आता उमंगवर चेहरा स्कॅन करून स्वतःच तयार करता येतो. १ ऑगस्ट २०२५ पासून नव्या सदस्यांसाठी हीच नेहमीची पद्धत आहे. त्यासाठी फोनवर आधार फेस आरडी हे अ‍ॅपही लागतं.

पासबुकातले तीन आकडे

पासबुक उघडल्यावर बरेच जण गोंधळतात: माझे १,८०० कापले, मग मालकाच्या रकान्यात फक्त ५५० का? मालकाने चोरी केली का? नाही. मालकही १२ टक्केच भरतो, पण त्यातले ८.३३ टक्के पेन्शन योजनेत जातात आणि ३.६७ टक्के पीएफमध्ये. १५,००० वेतनावर पेन्शनचे १,२५० आणि पीएफचे ५५०, एकूण १,८००. तीन रकाने म्हणजे तुमचे १,८००, मालकाचे ५५० आणि पेन्शनचे १,२५०. मालकाचा हिस्सा तुमच्या पगारातून कापायला कायद्याने परवानगी नाही.

मालकाने एका महिन्याचा पीएफ पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचा असतो. नोंद दिसायला थोडे दिवस लागतात. म्हणून दर महिन्याच्या २०-२२ तारखेला फोनमध्ये रिमाइंडर लावा आणि पावतीवरचा आकडा पासबुकशी जुळवा.

तपासताना या गोष्टी ध्यानात ठेवा:

• एमआयडीसीत अनेक जण ठेकेदारामार्फत लागतात. मग पासबुकात कंपनीचं नव्हे, ठेकेदाराचं नाव दिसेल. ते चूक नाही.
• ठेकेदार बदलला की नवा मेंबर आयडी तयार होतो. तो त्याच यूएएनखाली आला का ते बघा आणि जुनी रक्कम ट्रान्सफर करून घ्या. नवा यूएएन काढू देऊ नका.
• काही मोठ्या कंपन्यांचा स्वतःचा पीएफ ट्रस्ट असतो. तिथला हिशोब ईपीएफओच्या पासबुकात मिळत नाही, कंपनीकडे मागावा लागतो.
• पीएफचा कायदा साधारणपणे २० किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी लागतो. चार जणांच्या दुकानात पीएफ नसेल तर ते बेकायदा नाही.
• नेमणूकपत्रात 'अप्रेंटिस' लिहिलंय की 'फिक्स्ड टर्म' ते नीट वाचा. अप्रेंटिसला स्टायपेंड मिळतो, पीएफ आणि ग्रॅच्युइटीचे हक्क नाहीत. काम तेच दिसलं तरी कागद वेगळा असतो.

आकडे जुळले नाहीत तर?

आधी एचआर किंवा ठेकेदाराला लेखी विचारा. व्हॉट्सअ‍ॅपवर, शांत भाषेत, महिना आणि रक्कम लिहून. पुष्कळदा नावाची किंवा आधारची चूक निघते आणि काम होऊन जातं. उत्तर आलं नाही तर ईपीएफओच्या तक्रार पोर्टलवर किंवा उमंगवरून तक्रार नोंदवा, किंवा १४४७० या टोल-फ्री नंबरवर फोन करा. पगार किंवा ओव्हरटाइम थकला असेल तर जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात जायचं. वेतन संहितेत दावा करायला तीन वर्षांची मुदत आहे. ठेकेदाराने पगार दिलाच नाही, तर तो देण्याची जबाबदारी मूळ कंपनीवर येते.

पगारातून पीएफ कापून न भरणं ही साधी दिरंगाई नाही. भारतीय न्याय संहितेत तो विश्वासघाताचा गुन्हा धरला आहे. पण तक्रार टिकते ती पुराव्यावर. म्हणून नेमणूकपत्राचा फोटो, प्रत्येक महिन्याची पावती, पगार जमा झाल्याचा बँकेचा मेसेज आणि हजेरीचा स्क्रीनशॉट एका फोल्डरमध्ये ठेवा आणि क्लाउडवर बॅकअप घ्या. कंपनीच्या ग्रुपमधून काढलं की चॅटमधल्या फाइली पुन्हा सापडतीलच असं नाही.

तुमचं स्वतःचं दुकान किंवा युनिट असेल तर

आपले बरेच वाचक वडिलांचे यंत्रमाग, बेकरी किंवा वर्कशॉप सांभाळतात. त्यांच्यासाठी कामाची यादी छोटी आहे. प्रत्येक माणसाला नेमणूकपत्र द्या. एका पानाचं असलं तरी चालेल, पण काम, पगार आणि रुजू तारीख स्पष्ट हवी. पगार बँकेत किंवा यूपीआयने द्या, म्हणजे दोघांकडे नोंद राहते. भत्ते निम्म्यापेक्षा जास्त असतील तर पगाराची रचना एकदा तपासून घ्या. ओव्हरटाइम दुप्पट दराने मोजा. १० किंवा जास्त माणसं असतील तर ईएसआय लागतं का तेही बघा. २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्यांसाठी कामगाराचे ०.७५ टक्के आणि मालकाचे ३.२५ टक्के असतात.

यात मालकाचा फायदाही आहे. पीएम विकसित भारत रोजगार योजना १ ऑगस्ट २०२५ ते ३१ जुलै २०२७ या काळातल्या नव्या नोकऱ्यांसाठी आहे. पहिल्यांदाच पीएफमध्ये येणाऱ्या, महिना एक लाखापर्यंत पगार असलेल्या कामगाराला जास्तीत जास्त १५,००० रुपये दोन हप्त्यांत मिळतात: पहिला सहा महिन्यांनी, दुसरा बारा महिन्यांनी. मालकाला वाढीव प्रत्येक माणसामागे महिना ३,००० रुपयांपर्यंत दोन वर्षं, आणि उत्पादन क्षेत्रात चार वर्षं. पन्नासपेक्षा कमी माणसं असतील तर किमान दोन नवीन माणसं घेऊन सहा महिने टिकवायची अट आहे. पीएफ भरलाच नाही, तर मालक आणि कामगार दोघेही या पैशाला मुकतात.

डिलिव्हरीवाल्यांचं काय?

अ‍ॅपवरून डिलिव्हरी करणाऱ्यांना गिग कामगार म्हणून कायद्यात पहिल्यांदाच जागा मिळाली आहे. कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के सामाजिक सुरक्षा निधीत द्यायचे, मात्र कामगारांना दिलेल्या रकमेच्या ५ टक्क्यांपेक्षा जास्त नाही. याचा अर्थ पीएफ लगेच सुरू झाला असा नाही. पण ई-श्रम पोर्टलवर आधारने नोंदणी करून ठेवा. नोंद नसेल तर योजना आली तरी तुमच्यापर्यंत पोचणार नाही.

शेवटी एक सावधगिरी. "पीएफ अडकलाय, लिंकवर क्लिक करा" असे मेसेज येतात. ईपीएफओ फोनवर ओटीपी, पासवर्ड किंवा बँकेचा तपशील मागत नाही. फसवणूक झाली तर लगेच १९३० वर कळवा.

या महिन्यात एवढं करा: यूएएन शोधा, उमंगवर पासबुक उघडा आणि मागच्या तीन महिन्यांच्या पावत्या शेजारी ठेवून आकडे जुळवा. जुळले तर छान. नाही जुळले तर तीन महिन्यांचा प्रश्न सोडवायला सोपा असतो, तीन वर्षांचा नाही.