दूरान्वय म्हणजे काय?

• एकमेकांशी संबंध असलेले शब्द वाक्यात लांब पडणे, म्हणजे दूरान्वय.

• संस्कृत शास्त्रात वाक्यार्थाच्या अटी तीन: आकांक्षा, योग्यता, सन्निधी. दूरान्वयात तिसरी, म्हणजे शब्दांची जवळीक, सैल होते.

• सरळ वाक्य: 'दाभोळच्या धक्क्यावरून धोपाव्याची फेरीबोट सुटली.' दूरान्वित: 'दाभोळच्या सुटली फेरीबोट धोपाव्याची धक्क्यावरून.' इथे 'दाभोळच्या' कशाचे, ते अगदी शेवटच्या शब्दावर कळते. तरी अन्वय लागतो, कारण 'च्या' हा प्रत्यय 'धक्क्यावरून'शीच जुळतो. 'फेरीबोट'ला 'दाभोळची' लागले असते.

• क्रियापद शेवटी येणे हा दूरान्वय नव्हे. तो मराठीचा नेहमीचा क्रम.

• मराठी काव्यातले ठळक नाव: मोरोपंत (१७२९–१७९४). आर्यावृत्त आणि यमक सांभाळताना त्यांचे शब्द दूर जातात.

• संस्कृत साहित्यशास्त्रात हा दोष. ग्रीक-लॅटिन परंपरेत मात्र 'हायपरबॅटन' नावाचा अलंकार.