हिशेब घराचा, शिक्षा मुलाला

तारकर्लीच्या किनाऱ्यावर रापण ओढायला एके काळी सारी वाडी लागे. यांत्रिक मासेमारी वाढली तशी रापण रोडावली. १९९७ साली सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाल्यानंतर निवास-न्याहारीची घरे उभी राहिली व हाती पैसा आला. तो यायलाच हवा होता. परंतु हंगामात घराचा सारा वेळ पाहुण्यांच्या ताटाभोवती फिरू लागला की घरच्या मुलाच्या वाट्याला सकाळच्या पेजेऐवजी बिस्किटांचा पुडा येतो. मूल स्थूल झाले की आपण त्यालाच बजावतो, ‘तोंडावर ताबा ठेव!’

हा हिशेब चुकीच्या खात्यावर मांडलेला आहे. वाणसामान मूल भरीत नाही. जेवणाची वेळही ते ठरवीत नाही. शिवाय मोह आवरणे, पुढचे पाहून बेत आखणे या क्षमता मेंदूच्या अग्रभागाशी निगडित असून पंचविशीच्या आसपासपर्यंत त्या परिपक्व होत राहतात. स्थूल किशोरांत त्या सरासरीने किंचित कमी असल्याचे अनेक पाहण्यांत आढळले आहे. मात्र यातले कारण कोणते व परिणाम कोणता, याचा निर्णय लागलेला नाही. तेवढ्यावरून मुलास मंद ठरविणे हा निव्वळ अडाणीपणा होय.

अमेरिकेतील लिओनार्ड एपस्टाईन यांनी १९९० साली दहा वर्षांच्या पाठपुराव्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. मुलाबरोबर आईबापांनीही सवयी बदलल्या त्या गटातील मुलांचा स्थूलपणा दहा वर्षांनंतरही घटलेला होता. एकट्या मुलावर भिस्त ठेवलेल्या गटात तसे घडले नाही. पुढे २०१८ साली कॉक्रेन संस्थेने १८ अभ्यासांचा आढावा घेतला. त्यात शारीरिक हालचालींमुळे स्थूल मुलांच्या याच क्षमता काहीशा सुधारल्याचे दिसले.

आपल्याकडे नेमके उलटे चालते. दहावी आली की पहिली काट खेळाच्या तासावर! जागतिक आरोग्य संघटना या वयाला रोज सरासरी ६० मिनिटांची हालचाल सांगते. ती वाचवून शिकवणीत गुंतविलेला तास फायद्याचाच, असे पालक गृहीत धरतात. त्या तासाचा संधी-खर्च कोणी मोजीत नाही.

माध्यमिक शाळांनी पालकसभेत गुणपत्रिकेबरोबर हाही विषय घ्यावा, आणि सभेला बापाने यावे. हंगामात पहाटेपासून चुलीशी उभ्या असणाऱ्या आईवर हेही ओझे टाकून तो मोकळा होणार असेल, तर त्याला कुटुंबाचा उपचार म्हणता येणार नाही. वाण्याची यादी आणि संध्याकाळी मुलासोबत किनाऱ्यावरचा एक तास, एवढे त्याने आपल्याकडे घ्यावे. पाहुण्यांची गर्दी असली तरीही.