डिझेल इंजिनाचा शीत प्रारंभ

डिझेल इंजिनाचा शीत प्रारंभ म्हणजे पूर्णपणे थंड झालेले डिझेल इंजिन चालू करण्याची क्रिया होय. पेट्रोल इंजिनात इंधन ठिणगीने पेटते. डिझेल इंजिनात ते दाबलेल्या हवेच्या उष्णतेने पेटते. त्यामुळे थंडीचा परिणाम या इंजिनावर अधिक होतो. मालमोटार अनेक महिने उभी असल्यास अडचणी वाढतात आणि पूर्वतयारीविना केलेला प्रारंभ इंजिनाला हानिकारक ठरू शकतो.

कार्यतत्त्व

सिलिंडरमधील हवा साधारणतः १५ ते २२ पट दाबली जाऊन तिचे तापमान ५००° सेल्सियसच्या वर जाते. डिझेल सुमारे २१०° सेल्सियसला आपोआप पेटते. थंड इंजिनात मात्र सिलिंडरच्या भिंती ही उष्णता शोषून घेतात. दाट झालेल्या वंगणतेलामुळे इंजिन सावकाश फिरते व दट्ट्याच्या कड्यांजवळून हवा निसटते. अशा वेळी निघणारा पांढरा धूर न जळलेल्या डिझेलचा असतो. धूर मुळीच नसल्यास सिलिंडरपर्यंत इंधन पोहोचत नसण्याची शक्यता असते.

दीर्घकाळ उभ्या वाहनातील दोष

* बॅटरी आपोआप उतरते. थंडीत तिची क्षमता आणखी घटते.
* इंधननळीत हवा शिरते. कारागीर यास ‘एअर धरणे’ म्हणतात.
* अर्धवट भरलेल्या टाकीत बाष्पाचे पाणी साचते. त्यात सूक्ष्मजीव वाढून गाळणी तुंबते.
* बेअरिंगांवरील वंगणतेल निथळून जाते.

इंधन गोठणे

थंडीत डिझेलमधील मेणाचे स्फटिक बनून गाळणी बंद होते. ज्या नीचतम तापमानापर्यंत इंधन वाहू शकते, त्यास प्रवाहबिंदू म्हणतात. भारतीय मानक १४६० नुसार तो हिवाळ्यात कमाल ३° व उन्हाळ्यात कमाल १५° सेल्सियस असावा लागतो. लडाखसाठी इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये उणे ३३° सेल्सियस प्रवाहबिंदूचे हिवाळी डिझेल उपलब्ध केले.

पूर्वतयारी व प्रारंभ

प्रथम वंगणतेल व शीतकाची पातळी तपासून बॅटरी भारित करतात. गाळणीतील पाणी काढतात, आवश्यक तर गाळणी बदलतात आणि हातपंपाने इंधननळीतील हवा काढतात. ग्लो प्लग अथवा हवातापक असल्यास त्याचा दिवा विझेपर्यंत थांबतात. स्टार्टर सलग अर्ध्या मिनिटाहून अधिक फिरवत नाहीत. दोन प्रयत्नांमध्ये सुमारे दोन मिनिटे जाऊ देतात. वारंवार ‘सेल मारल्याने’ बॅटरी उतरते व स्टार्टर तापतो. इंजिन चालू झाल्यावर तेलाचा दाब दिसेपर्यंत वेग वाढवत नाहीत.

दक्षता

ग्लो प्लग किंवा हवातापक असलेल्या इंजिनात ईथरचा फवारा मारल्यास स्फोट होऊ शकतो. टाकीखाली जाळ करण्यात आगीचा धोका असतो. बंदिस्त शेडमध्ये इंजिन चालू ठेवल्यास विषारी कार्बन मोनॉक्साइड साचू शकतो. त्यामुळे वाहन उघड्यावर किंवा दारे पूर्ण उघडून चालू करणे आवश्यक असते.