हर्णै: किल्ला बघायला जाताय? मग लिलावही समजून घ्या

एकलहऱ्याहून बोलतोय. वीज केंद्राच्या चिमण्यांच्या गावातून आज चक्क समुद्राच्या गप्पा!

कारण सांगतो. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले. त्यात आपल्या नाशिक जिल्ह्याचा साल्हेर आहे आणि रत्नागिरी जिल्ह्यातल्या हर्णैचा सुवर्णदुर्गही आहे. त्यामुळे हर्णैला जायचे प्लॅन आता बरेच जण करतायत. रेल्वेने जायचं तर खेडला उतरा, पुढे दापोलीमार्गे रस्त्याने.

सुवर्णदुर्ग भर समुद्रात, होडीनेच जावं लागतं. १७५५ साली तो तुळाजी आंग्रेंकडून घ्यायला पेशवे आणि इंग्रज एकत्र आले होते. इंग्रजांच्या जहाजांचा प्रमुख होता विल्यम जेम्स. तो वारल्यावर त्याच्या बायकोने १७८४ मध्ये लंडनला त्याच्या आठवणीसाठी एक बुरूज बांधला. नाव काय? ‘सेव्हर्नड्रूग’. म्हणजे आपला सुवर्णदुर्गच की!

पण मी हर्णैला गेलो ना, तेव्हा किल्ल्यापेक्षा जास्त वेळ किनाऱ्यावर रेंगाळलो. कारण तिथला मासळीचा लिलाव.

किनाऱ्याजवळ पाणी उथळ, म्हणून मोठ्या बोटी आत उभ्या राहतात. मासळी छोट्या होड्यांनी आणि बैलगाड्यांनी वाळूवर येते. हो, बैल थेट पाण्यात उतरतात! मग ढीग लागतात: पापलेट, सुरमई, बांगडा, कोळंबी. बोली वाढत जाते आणि काही मिनिटांत सौदा तुटतो. एवढी घाई कशाला? कारण मासळीचा भाव ताजेपणावर ठरतो. उशीर झाला की भाव उतरलाच. सौदा झाला की लगेच बर्फ, टेम्पो आणि बाजार. म्हणून सेल्फीसाठी ढिगाच्या मधे उभं राहू नका. तिथे कुणाच्या तरी अख्ख्या फेरीचा हिशोब चाललेला असतो.

आणि हा हिशोब सोपा नाहीये. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, कारण तो माशांच्या प्रजननाचा काळ. शिवाय एलईडी दिव्यांचा प्रश्न. पाण्यात झगझगीत दिवे सोडले की मासे उजेडाकडे गोळा होतात, मग मोठ्या जाळ्यात एकदम उचलायचे. छोट्या होडीवाल्याला उरणार काय? केंद्र सरकारने २०१७ मध्येच यावर बंदी घातली. तरी हे चालूच आहे, अशी कोकणातल्या पारंपरिक मच्छीमारांची तक्रार असते.

आता वारशाच्या यादीमुळे गर्दी वाढेल. ती नुसती फोटो काढून परत फिरली, तर गावाच्या वाट्याला फक्त कचरा आणि ट्रॅफिक. त्यापेक्षा लिलाव कडेला उभं राहून बघा. लिलावात आपल्यासारख्यांचं काम नाही, पण बाजूला बसलेल्या मावश्यांकडून एक वाटा नक्की घ्या. घासाघीस करा, पण जरा बेतानं. पावसाळ्यात गेलात तर सुकट, सुके बोंबील आहेतच.

तुम्ही कुठलं बंदर पाहिलंय? व्हॉइस नोट पाठवा. भेटू पुढच्या भागात!