स्पॅनिशमध्ये ‘नको’ कसं म्हणायचं?

शिक्रापूरहून मी बोलतोय. आज इयरफोन नीट लावा, कारण सगळा खेळ एका स्वराचा आहे.

आपल्या इथून रस्ता जातो त्या चाकणला स्पॅनिश कंपन्यांचे कारखाने आहेत. समजा, तिथे कुणाला सांगायचंय, ‘हात लावू नकोस!’ हात लावणे म्हणजे ‘तोकार’. ‘हात लाव’ म्हणजे ‘तोका’. मग पुढे ‘नो’ लावलं की झालं? नाही ना! ‘नो तोका’ म्हणजे ‘तो हात लावत नाही’. मनाई राहिली बाजूला, ती नुसती माहिती झाली. आणि मशीन चालू असेल तर हा फरक महागात पडतो. बरोबर वाक्य आहे, ‘नो तोकेस’.

मराठीतही बघा. ‘बोल’चं आधी ‘बोलू’ होतं, मग ‘बोलू नकोस’. म्हणजे नकार देताना क्रियापदाचं रूप बदलायची सवय आपल्याला आहेच. स्पॅनिशमध्ये ते असं बदलायचं:

१. ‘मी’चं वर्तमानकाळाचं रूप घ्या. आब्लो (मी बोलतो), कोमो (मी खातो), आब्रो (मी उघडतो).

२. शेवटचा ‘ओ’ काढून टाका.

३. मूळ क्रियापद ‘आर’ने संपत असेल तर ‘एस’ जोडा. ‘एर’ किंवा ‘इर’ने संपत असेल तर ‘आस’.

४. सुरुवातीला ‘नो’ लावा.

आब्लार: नो आब्लेस, बोलू नकोस.
कोमेर: नो कोमास, खाऊ नकोस.
आब्रिर: नो आब्रास, उघडू नकोस.

थोडक्यात, ‘आर’वाल्यांना ‘ए’ आणि बाकीच्यांना ‘आ’. सरळ अदलाबदल!

आता एक गंमत. ‘तोकेस’मधला शेवटचा ‘स’ ‘तू’साठी आहे, आपल्या ‘नकोस’मधल्या ‘स’सारखाच. समोर साहेब असतील तर तो ‘स’ काढा: ‘नो तोके’, हात लावू नका. समोर बरेच जण असतील तर ‘नो तोकेन’. लिहिताना ‘क’चा उच्चार टिकवायला स्पॅनिश स्पेलिंग बदलतं, पण कानाला ‘क’ तोच.

आणि हो, हॉर्न वाजवायलाही ‘तोकार’च! चाकण चौकात ट्रॅफिकमध्ये अडकलात की मनात म्हणा, ‘नो तोकेस ला बोसिना’, हॉर्न वाजवू नकोस.

आता गृहपाठ. ‘मिरार’ म्हणजे बघणे, ‘एल मोबिल’ म्हणजे मोबाईल. गाडी चालवणाऱ्या मित्राला ‘मोबाईल बघू नकोस’ कसं सांगाल? उत्तर मोठ्याने म्हणा, मग पुढे वाचा.

‘नो मिरेस एल मोबिल!’ जमलं? पुढच्या भागात नियम मोडणारी क्रियापदं घेऊ. भेटूच!