शहर आणि सण (लेखांक ६) : वर्गणीच्या जमिनीवरचं जूनटींथ

गेल्या लेखांकात आपण न्यू ऑर्लिन्सच्या 'सेकंड लाइन' मिरवणुका पाहिल्या. तिथून पश्चिमेला, मेक्सिकोच्या आखाताच्या कडेकडेने गेलं की टेक्सासातलं सगळ्यात मोठं शहर लागतं, ह्यूस्टन. जूनटींथचा, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या गुलामीमुक्तीच्या सणाचा, शनिवार-रविवार कसा साजरा होतो हे बघायचं असेल, तर मी हेच शहर सुचवीन. न्यूयॉर्क, शिकागो, अटलांटा इथेही आता मोठे कार्यक्रम होतात. पण टेक्सासातल्या कृष्णवर्णीय घरांमध्ये हा सण पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे, आणि ह्यूस्टनकडे तर खास याच सणासाठी विकत घेतलेली जमीन आहे.

आधी थोडा इतिहास सांगतो, कारण तो बहुतेक वेळा अर्धाच सांगितला जातो. लिंकनचा मुक्तीचा जाहीरनामा १ जानेवारी १८६३ला लागू झाला. टेक्सासात ती बातमी पोहोचायला अडीच वर्षं लागली, असं म्हणतात. खरं तर उशीर झाला तो उत्तरेच्या फौजेला. टेक्सास यादवी युद्धाच्या मुख्य रणभूमीपासून लांब होतं, त्यामुळे शेजारच्या राज्यांतले मालक आपल्या गुलामांना घेऊन उलट तिकडेच सरकत होते. कायदा अमलात आणणारं कुणी नसेल, तर मालक तो कशाला पाळतील? एप्रिल १८६५मध्ये दक्षिणेचा सेनापती ली शरण आला. १९ जूनला उत्तरेच्या फौजेतल्या जनरल गॉर्डन ग्रेंजरने गॅल्व्हस्टन बंदरात आदेश क्रमांक ३ काढला आणि टेक्सासातल्या सुमारे अडीच लाख गुलामांना ते मुक्त असल्याचं जाहीर केलं. या तारखेवरूनच सणाचं नाव पडलं.

तो आदेश जेमतेम काही ओळींचा आहे. मालक आणि गुलाम यांच्यात आता संपूर्ण समता आहे, असं त्यात म्हटलं आहे. पण आहात तिथेच शांतपणे राहा, मजुरीवर काम करा, लष्करी ठाण्यांपाशी गोळा होऊ नका, हेही त्यातच आहे. माणसं मोकळी झाली खरी, पण त्यांनी एकत्र जमायचं कुठे? माझ्या मते ह्यूस्टनचं जूनटींथ या प्रश्नाभोवतीच वाढलं.

१८७२ साली जॅक येट्स, रिचर्ड ॲलन, रिचर्ड ब्रॉक आणि इलायस डिबल या चौघांनी पुढाकार घेतला. येट्स व्हर्जिनियात गुलामीत जन्मलेला. ह्यूस्टनमध्ये तो दिवसा गाडीवर माल वाहायचा आणि अँटिऑक बाप्टिस्ट चर्चमध्ये धर्मोपदेश करायचा. दोन चर्चच्या माणसांनी वर्गणी काढली आणि १० एकर जमीन घेतली, ती केवळ दर वर्षी १९ जूनला एकत्र येता यावं म्हणून! जेमतेम सात वर्षांपूर्वी ज्यांची स्वतःचीच खरेदी-विक्री होत होती, त्यांनी आपली सामाईक कमाई सणाच्या जागेत घातली, हे मला विलक्षण वाटतं. पुढे ही जमीन शहराकडे गेली. १९२२ ते १९४० या काळात कृष्णवर्णीयांना प्रवेश असलेलं ह्यूस्टनमधलं एकमेव सार्वजनिक उद्यान तेच होतं. नाव, इमॅन्सिपेशन पार्क.

आणि १८७३ साली, म्हणजे ही जमीन घेतली गेल्यानंतर वर्षभरातच, पुण्यात जोतीराव फुल्यांचं 'गुलामगिरी' प्रसिद्ध झालं. गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना त्यांनी ते अर्पण केलं होतं. ह्यूस्टनमधल्या त्या चौघांची नावं फुल्यांच्या कानांवर असण्याची शक्यता नाही. पण ते पुस्तक वाचलेल्या मराठी माणसाला हा सण परका वाटू नये.

आता प्रत्यक्ष शनिवार-रविवारकडे वळू. सुरुवात सकाळीच करावी, कारण ह्यूस्टनचा जून अंगाला चिकटतो. दुपारी घामाच्या धारा लागतात आणि कधी वादळी पाऊसही कोसळतो. फ्रीडमेन्स टाउन या जुन्या वस्तीत मुक्त झालेल्या माणसांनी आणि त्यांच्या वंशजांनी स्वतः विटा बसवलेले रस्ते अजून काही ठिकाणी पायाखाली येतात. जवळच जुन्या ग्रेगरी शाळेच्या इमारतीत कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचं ग्रंथालय आहे. येट्सचं लाकडी घर आता सॅम ह्यूस्टन पार्कमध्ये हलवलेलं आहे, तेही पाहून घ्यावं.

दुपार कलली की थर्ड वॉर्ड या वस्तीत, इमॅन्सिपेशन पार्कवर यावं. पार्कला लागून जाणारा रस्ता अनेक वर्षं दक्षिणेच्या फौजेतल्या डिक डाउलिंग या अधिकाऱ्याच्या नावाने ओळखला जायचा. मुक्तीच्या बागेत जायचं ते गुलामगिरी टिकवण्यासाठी लढलेल्याच्या नावाच्या रस्त्याने! २०१७मध्ये त्याचं नाव इमॅन्सिपेशन ॲव्हेन्यू झालं आणि त्याच वर्षी नव्याने बांधून काढलेलं उद्यानही खुलं झालं. तिथे सणाला गॉस्पेल, ब्लूज, झायडेको ऐकायला मिळतं. घरोघरची माणसं खुर्च्या आणि थंड पेयांच्या पेट्या घेऊन सावली धरून बसतात. समोरच १९३९ साली सुरू झालेला एल्डोराडो बॉलरूम आहे. ब्लूज आणि जॅझचे मोठमोठे कलावंत तिथे वाजवून गेले. अनेक वर्षं बंद राहिल्यावर २०२३मध्ये तो पुन्हा उघडला.

खाण्याशिवाय हा सण होत नाही. लाकडाच्या धुरावर तासन्‌तास मुरलेलं ब्रिस्केट, तिखट सॉसेज, कलिंगड, रेड व्हेल्व्हेट केक आणि लाल सरबत. हा लाल रंग पूर्वजांच्या रक्ताची आठवण म्हणून, असं पुष्कळजण सांगतात. खाद्यसंस्कृतीचे अभ्यासक त्याचा माग पश्चिम आफ्रिकेतल्या कोला आणि जास्वंदाच्या जातीच्या पेयांपर्यंत नेतात. ती जात म्हणजे आपली लाल अंबाडी. तिच्या बोंडांचं सरबत विदर्भातल्या माणसाला वेगळं समजावून सांगायला नको.

१९ जूनला टेक्सासात राज्याची सुट्टी मिळाली ती १९८०पासून, ह्यूस्टनचे आमदार अल एडवर्ड्स यांनी विधेयक लावून धरलं म्हणून. देशभराची सुट्टी व्हायला २०२१ उजाडलं. फोर्ट वर्थच्या ओपल ली लहान असताना, १९३९च्या १९ जूनलाच, गोऱ्यांच्या जमावाने त्यांचं घर उद्ध्वस्त केलं होतं. वयाच्या ८९व्या वर्षी त्या या सुट्टीच्या मागणीसाठी चालायला निघाल्या. एका वेळी अडीच मैल, मुक्तीला झालेल्या अडीच वर्षांच्या उशिराखातर. आता त्यांच्या नावाने अनेक शहरांत ही अडीच मैलांची चाल होते. सहभागी व्हायचं असेल, तर पाहुण्यासाठी ही सगळ्यात सोपी वाट आहे.

ह्यूस्टनमध्ये मराठी कुटुंबं बरीच आहेत आणि जूनच्या सुट्टीत त्यांतली कितीतरी गॅल्व्हस्टनच्या समुद्रावर जातात. माझी त्यांना मनापासून विनंती आहे, किनाऱ्यावर जाण्याआधी स्ट्रँड आणि २२व्या रस्त्याच्या कोपऱ्यावर थांबा. आदेश क्रमांक ३ जिथून निघाला त्या जागी रेजिनाल्ड ॲडम्स आणि सहकाऱ्यांनी २०२१ साली रंगवलेलं प्रचंड भित्तिचित्र आहे. त्याचं नाव आदेशातल्या संपूर्ण समतेच्या शब्दांवरूनच ठेवलेलं आहे. मुलं बरोबर असतील, तर आदेशाच्या त्या ओळी त्यांच्याकडून मोठ्याने वाचून घ्या. शांतपणे राहा, गोळा होऊ नका, या ओळींसकट.

(पुढील आठवड्यात : शिकागोची बड बिलिकेन परेड)