परदेशच्या विमानप्रवासातील खोळंबा



गारखेड्यात संध्याकाळी फिरावयास निघालेल्या वृद्धांच्या बोलण्याकडे कान दिला, तर व्हिसा, बॅगेचे वजन आणि 'मध्ये किती तास थांबावे लागते' हे तीन विषय हटकून ऐकू येतात. घरोघरची मुले परदेशी आहेत, आणि साठी उलटल्यावर, बहुधा नातवंडाच्या निमित्ताने, आईबापांना आयुष्यातील पहिला लांबचा विमानप्रवास घडतो. तो सुखरूप पार पडला तर सांगावयासारखे फारसे उरत नाही. परंतु मध्येच विमान चुकले किंवा सामान हरवले तर काय करावे, हे आम्हां उभयतांस कोणी सांगितलेले नव्हते. मी मॅट्रिक झालेला निवृत्त शाळामास्तर आहे, कायद्याचा पंडित नव्हे. तथापि घरी परतल्यावर जुन्या सवयीने नियम वाचून काढले, त्यांचे टिपण आज आपल्यापुढे ठेवतो.

1883 साली आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून आगबोटीने निघाल्या, त्या जवळजवळ दोन महिन्यांनी न्यूयॉर्कास पोहोचल्या. आपण एका दिवसात पोहोचतो, आणि तरीही चार तासांचा उशीर आपणांस असह्य होतो. याचे कारण केवळ अधीरपणा नव्हे. आजचा प्रवास तीन-चार तुकड्यांचा असतो, व एक तुकडा सरकला की पुढचे सारे सांधे निखळतात.

आमचे तसेच झाले. दोन वर्षांपूर्वी, नोव्हेंबरात, कन्येच्या पहिल्या बाळंतपणासाठी आम्ही टोरांटोस निघालो. मुंबई ते आखात व आखात ते टोरांटो असे एक तिकीट जावईबापूंनी तिकडून काढले होते. चिकलठाणा ते मुंबई हे तिकीट मात्र मी येथे, स्वस्त मिळाले म्हणून, वेगळे काढले. दोहोंच्या मध्ये साडेतीन तास होते. ते मला भरपूर वाटले, आणि तेथेच मी चुकलो.

संध्याकाळचे विमान अडीच तास उशिरा सुटले. असे का होते, हे समजून घेण्यासारखे आहे. एकच विमान सकाळपासून या गावाहून त्या गावास फेऱ्या घालीत असते. सकाळी कोठे धुके पडून अर्धा तास गेला, तर तो दर फेरीस वाढत वाढत संध्याकाळच्या प्रवाशाच्या पदरी पडतो. त्यातून मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींस छेदतात. त्यामुळे एका वेळी बहुधा एकच वापरता येते. 1 जुलै 2019 च्या रात्री, भर पावसात, एक विमान मुख्य धावपट्टीवरून घसरून पुढे गेले, तेव्हा ती पट्टी कित्येक दिवस बंद राहिली आणि देशभरची वेळापत्रके कोलमडली. म्हणून परदेशचे विमान गाठावयाचे असेल तर आपल्या गावाहून दिवसाचे पहिले विमान धरावे, आणि पावसाळ्यात तर आदल्या दिवशीच मुंबईस जाऊन राहावे, असे माझे आता मत झाले आहे.

मुंबईस सामान घेऊन, देशांतर्गत स्थानकातून बाहेर पडून, टॅक्सीने सहारच्या स्थानकात पोहोचेतो खिडकी बंद झाली होती. तेथील गृहस्थ उद्धट नव्हता. त्याने एवढेच विचारले, "आजोबा, ते विमान आमचे होते का?" ते त्यांचे नव्हते. कायद्याच्या दृष्टीने पाहता आम्ही घरून उशिरा निघालेल्या प्रवाशासारखेच होतो. दुसऱ्या रात्रीच्या विमानात जागा मिळाली खरी, पण तिच्यासाठी दंड आणि भाड्यातील फरक मिळून माझ्या निवृत्तिवेतनाचा एक महिना गेला. ती रात्र दादरला साडूंच्या घरी काढली.

दुसऱ्या रात्री मुंबईहून आमचे विमान पुन्हा तेवढ्याच उशिराने सुटले व आखातात पुढचे विमान चुकले. मी खिशातले पैसे चाचपू लागलो. परंतु येथे सारेच उलट! खिडकीवर जाताच पुढच्या विमानाची नवी तिकिटे विनामूल्य हाती आली, जेवणाची चिठ्ठी मिळाली, आणि विमानतळाच्या आवारातील विश्रामगृहात खोलीही मिळाली. उशीर तोच, प्रवासी तेच. मग फरक कशाचा? फरक एकाच तिकिटाचा. सारे टप्पे एका आरक्षण-क्रमांकाखाली असतील, तर तुम्हांस शेवटच्या गावी पोहोचविण्याचा करार कंपनीने केलेला असतो, आणि मध्ये गाडी चुकविली तर पुढची जोडून देणे हे तिच्याच अंगावर येते. वेगळी तिकिटे घेतली की तो सांधा तुमचा स्वतःचा होतो. दोन हजार रुपये वाचविण्यासाठी मी तो सांधा विकत घेतला होता.

येथे दोन गोष्टी जाता जाता सांगतो. पहिला टप्पा चुकला आणि आपण कंपनीस न कळविता दुसऱ्या मार्गाने पुढे गेलो, तर उरलेले टप्पे, कित्येकदा परतीचा प्रवाससुद्धा, रद्द होतात. यास्तव विमान सुटण्यापूर्वी कळविणे अगत्याचे. दुसरे असे की मधल्या गावी विमानतळाबाहेर पडावयाचे तर त्या देशाचा परवाना लागतो. तो मिळेल की नाही, हे निघण्यापूर्वीच पाहून ठेवावे. नाही तर खोली मिळूनही रात्र बाकावर काढावी लागते.

त्या विश्रामगृहात पहाटे जावईबापूंचा संदेश आला. कन्यारत्न झाले होते, दोघी सुखरूप होत्या. ज्या घटकेसाठी निघालो, ती घटका आम्हांस हजारो मैल दूर, परक्या खोलीत गाठून गेली. आमची मंडळी बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने रक्तदाबाची गोळी मागितली, आणि गोळ्या मोठ्या बॅगेत गेल्या आहेत हे माझ्या ध्यानात आले. औषधे, चष्मा, डॉक्टरांची चिठ्ठी आणि एक दिवसाचे कपडे हातातल्या पिशवीतच असावेत. गोळ्या मूळ वेष्टनात ठेवाव्या, आणि चिठ्ठीवर औषधाचे मूळ नाव असावे, कारण आपल्याकडचे व्यापारी नाव तिकडे कोणी ओळखत नाही.

टोरांटोस तीन बॅगांपैकी दोनच आल्या. न आलेली नेमकी तीच: गोळ्या, मेतकूट, बाळंतशोपा आणि डिंकाचे लाडू. मला केव्हा एकदा नातीचे मुख पाहीन असे झाले होते; उद्या फोन करू, म्हणून मी बाहेर निघालो. हिने बाही धरली. "अहो, आधी लिहून घ्या. शाळेत दाखला द्यावयाचा तर तुम्ही नोंदवहीत सही घेतल्यावाचून देत होतात का?" तिच्या त्या वाक्याने पुढचे सारे वाचले.

सामान मिळाले नाही तर त्या दालनातून बाहेर पडण्यापूर्वी कंपनीच्या खिडकीवर तक्रार नोंदवावी व तिचा क्रमांक घ्यावा. बॅगेला लावलेल्या पट्ट्याचा दुसरा तुकडा, जो आपण बहुधा फेकून देतो, तोच तेथे पुरावा ठरतो. 1999 साली माँट्रियल येथे झालेला एक आंतरराष्ट्रीय करार आहे. भारत त्यात 2009 साली सामील झाला. त्याअन्वये बॅग मोडकी मिळाली तर 7 दिवसांत, आणि उशिरा मिळाली तर मिळाल्यापासून 21 दिवसांत लेखी तक्रार करावी लागते. 21 दिवसांत ती आलीच नाही तर प्रवासी तिला हरवलेली समजून भरपाई मागू शकतो. दावा लावण्याची मुदत दोन वर्षांची. भरपाईची मर्यादा विशेष आहरण हक्क नावाच्या एककात मोजतात. त्याची किंमत आंतरराष्ट्रीय नाणेनिधी पाच चलनांवरून ठरवितो. 28 डिसेंबर 2024 पासून सामानासाठी ही मर्यादा दरडोई 1519 एकके केलेली आहे, म्हणजे दीड ते दोन लाख रुपयांच्या दरम्यान. ही वरची मर्यादा होय, ठरलेले बक्षीस नव्हे. जेवढे नुकसान पावत्यांनी सिद्ध होईल तेवढेच मिळते. आम्ही तेथे हिच्यासाठी एक स्वेटर घेतला, डॉक्टरांस दाखवून गोळ्या घेतल्या, आणि प्रत्येक पावती जपली.

उशिराबद्दलचे नियम मात्र देशोदेशी निराळे. आपल्या नागरी विमानवाहतूक महासंचालनालयाच्या नियमांप्रमाणे, टप्प्याच्या लांबीनुसार दोन, तीन वा चार तासांहून अधिक उशीर असेल तर खाणेपिणे द्यावे लागते. युरोपीय संघाच्या 2004 सालच्या नियमाने तेथून सुटणाऱ्या कोणत्याही कंपनीच्या विमानाबाबत, अंतराप्रमाणे 250 ते 600 युरो भरपाई मागता येते. कॅनडाने 2019 साली असेच नियम केले. मोठ्या कंपनीच्या आवाक्यातील कारणाने नऊ तासांहून अधिक उशीर झाला तर 1000 कॅनेडियन डॉलर. वादळ, युद्ध, बंद आकाशमार्ग अशी कारणे असतील तर ही रोख भरपाई मिळत नाही. परंतु भरपाई वेगळी व सांभाळ वेगळा. एप्रिल 2010 मध्ये आइसलंडमधील ज्वालामुखीच्या राखेने युरोपचे आकाश जवळजवळ आठवडाभर बंद पडले. त्याबाबत 2013 साली युरोपीय न्यायालयाने निर्णय दिला की कारण कितीही विलक्षण असो, अडकलेल्या प्रवाशाच्या जेवणाची व मुक्कामाची जबाबदारी कंपनीस टाळता येत नाही. म्हणून उशिराचे कारण तेथेच विचारावे, आणि शक्य तर लेखी मागावे. पुढे विमा-कंपनीसही तोच कागद लागतो.

आम्ही परत आल्यावर मी विमान-कंपनीस पत्र लिहिले. प्रथम खेद व्यक्त करणारे गोड उत्तर आले आणि पुढील प्रवासात वापरावयाची एक सवलत. मी कराराचे कलम, तक्रारीचा क्रमांक व पावत्या जोडून दुसरे पत्र धाडले. तीन महिन्यांनी स्वेटराचे, डॉक्टरांचे व गोळ्यांचे पैसे मिळाले. स्वेटराच्या पावतीवरची अक्षरे तोवर पार उडून गेली होती. हिने तिचे छायाचित्र घेऊन ठेवले होते म्हणून निभावले. दादरच्या रात्रीचे पैसे अर्थातच कोणाकडे मागावयाचे नव्हते.

बॅग चौथ्या दिवशी दारी आली. लाडवांचा पार चुरा झाला होता. कन्येने तो वाटीत घेऊन दुधात कालवून खाल्ला.